मोटरहोमचा नेव्हिगेटर सारखा बुटक्या बोगद्यापाशी नेऊन सोडतो: खानदेशातल्या रस्त्यांवरचं निवारण

डिव्हाइस खास मोटरहोमचं. गाडीची उंची, रुंदी, लांबी, वजन सगळं प्रोफाइलमध्ये भरलेलं. नकाशाही ताजा. तरी पारोळ्याहून चोपड्याकडे निघालेली गाडी ते मधेच मोठा रस्ता सोडायला लावतं, दोन खेड्यांतून फिरवतं आणि रेल्वेखालच्या बुटक्या बोगद्यासमोर आणून उभं करतं. मागे चाऱ्याने भरलेला ट्रॅक्टर, बाजूला गटार, वळायला जागा नाही. स्क्रीनवर मात्र निळी रेघ बोगद्यातून आरपार पलीकडे गेलेली.

एकदा घडलं तर सोडून देता येतं. पण खानदेशात मोटरहोम घेऊन येणाऱ्यांची ही तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते आणि त्यावरचा सल्लाही ठरलेला: अपडेट मारा, रिसेट करा, नाहीतर सरळ मोबाइल वापरा. यातल्या कशानेही मूळ दुखणं जात नाही. ते डिव्हाइसमध्ये नाहीच, नकाशात आहे.

प्रोफाइल भरूनही फरक का पडत नाही

गार्मिनचं कॅम्पर असो, टॉमटॉमचं गो कॅम्पर असो, की ट्रकसाठी बनवलेलं एखादं मॉडेल, आतली रीत एकच. नकाशात रस्ता म्हणजे लहान लहान तुकडे. प्रत्येक तुकड्यासोबत माहिती जोडलेली असते: रस्त्याचा दर्जा, अंदाजे वेग, एकेरी की दुहेरी. उंचीची आणि वजनाची मर्यादा हे त्यातलेच वेगळे रकाने. तुम्ही गाडीची उंची ३.१ मीटर भरली की डिव्हाइस हा आकडा प्रत्येक तुकड्याच्या रकान्याशी ताडून बघतं. रकाना रिकामा असेल तर त्याच्या लेखी तिथे अडथळाच नाही.

युरोपात, अमेरिकेत पुलांवरच्या पाट्यांचे आकडे बऱ्याच प्रमाणात नकाशात उतरलेले आहेत, म्हणून तिथे ही डिव्हाइसं गुणाची ठरतात. आपल्याकडच्या खेड्यांतल्या रस्त्यांचे हे रकाने बहुतेक ठिकाणी कोरेच आहेत. महागडं कॅम्पर मॉडेल घेऊनही इकडे ते साध्या कारच्या नेव्हिगेटरसारखं वागतं, ते यामुळे.

खात्री करायची असेल तर घरबसल्या एक प्रयोग करा. तुम्हाला माहीत असलेला, बुटक्या बोगद्यातून जाणारा एखादा रस्ता निवडा आणि मार्ग काढा. मग प्रोफाइलमध्ये उंची मुद्दाम पाच मीटर करा आणि तोच मार्ग पुन्हा काढा. मोड मोटरहोमचाच असूनही रेघ जराही हलली नाही, तर त्या भागात उंचीची माहिती नाही हे नक्की झालं. तुमची सेटिंग चुकलेली नाही, कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावून उपयोग नाही. प्रयोगानंतर उंची पूर्ववत करायला विसरू नका.

खानदेशात हा त्रास जास्त जाणवतो, त्याला रेल्वेही कारण आहे. ब्रॉडगेजवरची पहारेकरी नसलेली सगळी फाटकं रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली. अनेक ठिकाणी त्यांच्या जागी रुळांखालून मर्यादित उंचीचे भुयारी रस्ते आले. आपण त्यांना बोगदेच म्हणतो. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. भुसावळ-जळगाव-पाचोरा-चाळीसगाव ही मनमाडकडची लाइन, जळगावहून धरणगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार करत सुरतेला जाणारी लाइन, शिवाय चाळीसगाव-धुळे फाटा. खानदेशात उत्तर-दक्षिण कुठेही निघालात तरी यातली एखादी ओलांडावी लागतेच. मोठ्या रस्त्यावर उड्डाणपूल असतो. डिव्हाइसने दोन किलोमीटर वाचवायला खेड्यातून नेलं की बोगदा.

बोगद्याच्या अलीकडे लोखंडी आडवी कमान असते आणि तिच्यावर उंची लिहिलेली असते. तो आकडा प्रमाण माना. विजेची लाइन असलेल्या फाटकावरच्या कमानी वेगळ्या, त्या सुमारे ४.६७ मीटरवर असतात. त्यांची काळजी मोटरहोमवाल्याने करायची नाही.

आधी गाडी मोजा

कागदपत्रांवरची उंची ही मूळ गाडीची. त्यानंतर छतावर एसी बसला, सोलर पॅनेल आलं, झरोक्याचं झाकण आलं, कुणी डिश अँटेना लावली. सपाट जागी गाडी उभी करा, सर्वांत उंच भागावर आडवी काठी धरा आणि काठीपासून जमिनीपर्यंत टेप सोडा. गाडी रिकामी असताना मोजा. पाण्याची टाकी भरली, सामान आणि माणसं चढली की स्प्रिंगा दबतात आणि गाडी थोडी खाली बसते. म्हणजे रिकामी गाडी जास्त उंच. आलेल्या मापात दहा-पंधरा सेंटिमीटर वाढवून तो आकडा डिव्हाइसमध्ये भरा आणि स्टिअरिंगजवळ कागदावर लिहून चिकटवा, मीटर आणि फूट दोन्हींत. तीन मीटर म्हणजे जेमतेम नऊ फूट दहा इंच. गावातला माणूस फुटांत बोलतो, पाटी मीटरमध्ये असते, आणि कमानीसमोर उभं राहून हिशेब करण्याची ती वेळ नसते.

राज्याने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून भाड्याच्या गाड्याही दिसू लागल्या आहेत. भाड्याने घेतली असेल तर डिव्हाइसमध्ये आधीच्या पर्यटकाची सेटिंग असणार हे गृहीत धरा. कुणी 'कार' मोड करून ठेवलेला असतो, कुणी टोल टाळायला सांगितलेलं असतं. नकाशाच्या पडद्यावर गाडीचं चित्र कारचं आहे की मोटरहोमचं, एवढं बघितलं तरी निम्मं कळतं. नकाशा अपडेट झाल्यावर किंवा डिव्हाइस रिसेट केल्यावर हा मोड आपोआप कारवर गेला नाही ना, हेही तपासा.

तीन सेटिंग्ज, ज्या आडरस्त्याला लावतात

'सर्वांत कमी अंतर' हा पर्याय मोटरहोमसाठी कायमचा बंद. कमी अंतर म्हणजे शिवरस्ते, फरशी पूल आणि बोगदे. 'कमी वेळ' ठेवा, तोही डोळे झाकून नको. नकाशातला वेग रस्त्याच्या दर्जावरून ठरतो, खड्ड्यांवरून नाही. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता डिव्हाइसला नकाशावर उत्तम दिसतो. आत भांडी-कपाटं घेऊन जाणाऱ्या गाडीला शहादा-शिरपूर-चोपडा-यावल-रावेर या पट्ट्यात कुठे किती वेळ लागतो, ते ज्याने गाडी चालवली त्यालाच ठाऊक.

दुसरी सेटिंग टोल टाळण्याची. धुळ्याच्या आसपास महामार्गांवर टोलनाके आहेत, आणि हा पर्याय चालू राहिला की डिव्हाइस नाक्याच्या अलीकडे उतरवून खेड्यांतून काढतं. वाचलेल्या टोलपेक्षा एका ओरखड्याचं रंगकाम महाग पडतं. कच्चे रस्ते टाळण्याची सेटिंग मात्र चालू हवी.

तिसरी, आपोआप मार्ग बदलण्याची. तुम्ही शहाणपणाने मोठ्या रस्त्यावर राहिलात की डिव्हाइस लगेच नवा मार्ग काढतं, आणि तो बहुधा पुढच्या गल्लीतून त्याच बोगद्याकडे वळतो. विचारून बदलण्याचा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर हे पूर्ण बंद ठेवा.

खरा उपाय: वाट तुम्ही ठरवायची, डिव्हाइसने फक्त वाचून दाखवायची

उंचीचे रकाने कोरे आहेत म्हटल्यावर बंधनं आपणच घालायची. त्यासाठी शेवटचं ठिकाण टाकून मोकळं होऊ नका. मधले बिंदू टाका. धुळ्याहून तोरणमाळला जायचं असेल तर नुसतं 'तोरणमाळ' न टाकता दोंडाईचा, सारंगखेडा, शहादा, म्हसावद अशी साखळी करा. दोन बिंदूंच्या मधे डिव्हाइसला मोठा रस्ता सोडायचं कारणच उरत नाही, इतके ते जवळ हवेत.

बिंदू कुठे टाकायचा यातच सगळी मेख आहे. चौकात टाकू नका, गावाच्या नावावर टाकू नका. गावाचं नाव निवडलं की डिव्हाइस गावाच्या मध्यावर, म्हणजे बाजारपेठेत किंवा पाराजवळ नेतं, वाटेत स्वागत कमान असेल तर तिच्याखालून. चौक ओलांडून पुढे पाचशे मीटर, सरळ रस्त्यावर बिंदू ठेवा. चौपदरी महामार्गावर नकाशा पुरेसा मोठा करून, आपण जाणार त्याच बाजूच्या पट्ट्यावर ठेवा. समोरच्या पट्ट्यावर पडला तर डिव्हाइस तुम्हाला दहा किलोमीटर पुढे नेऊन यू-टर्न मारायला लावेल, मग पुन्हा मागे. काही मॉडेलांत या बिंदूचे दोन प्रकार असतात: थांबा, आणि नुसता मार्गाला आकार देणारा शेपिंग पॉइंट. दुसरा निवडा. नाहीतर प्रत्येक ठिकाणी 'तुम्ही पोहोचलात' ऐकावं लागतं, आणि थांबा चुकला की मागे फिरवायचा हट्टही सोसावा लागतो.

लॅपटॉपवर मार्ग आखून त्याची जीपीएक्स फाइल (मार्ग साठवायचा नेहमीचा प्रकार) डिव्हाइसमध्ये टाकणाऱ्यांचा एक गोंधळ नेहमीचा. तिथे छान आखलेला मार्ग डिव्हाइसमध्ये गेल्यावर वेगळाच दिसतो. जीपीएक्समध्ये रूट आणि ट्रॅक असे दोन प्रकार असतात. रूट म्हणजे फक्त बिंदू. त्यांच्यामधली वाट डिव्हाइस आपल्या सेटिंगप्रमाणे नव्याने काढतं. ट्रॅक म्हणजे आखलेली रेघ जशीच्या तशी. तुमचं मॉडेल ट्रॅकवरून चालवत असेल तर तेच वापरा.

निघण्याआधी रात्री उपग्रहचित्रावर सगळा मार्ग एकदा डोळ्यांखालून घाला. रस्ता जिथे रूळ ओलांडतो तिथे पुलाची सावली दिसते का, की रस्ता रुळाखाली गडप होतो, हे चित्रात स्पष्ट कळतं. याला वीस मिनिटं लागतात आणि कुठल्याही अपडेटपेक्षा जास्त उपयोग होतो.

आणि रस्त्यात शंका आली तर विचारायचा प्रश्न एकच: इथून एसटी जाते का? 'गाडी जाईल का' विचारलंत तर ओट्यावरचे आजोबा आधी अहिराणीत 'कथा जाई ऱ्हायनात भाऊ?' (कुठे चाललात?) विचारतील आणि मग खुशाल 'जाईल की' म्हणतील. त्यांच्या डोळ्यांसमोर मोटरसायकल किंवा पिकअप असते. 'एसटी जास का आठून?' असं विचारलं की उत्तर नेमकं मिळतं, कारण एसटी कुठून वळते, कुठे पावसाळ्यात बंद होते, हे गावाला तोंडपाठ असतं. रावेर-यावलकडे केळीच्या ट्रकबद्दल विचारलंत तरी चालेल. भरलेला ट्रक जिथून जातो तिथे रुंदी आणि वळणं दोन्ही पुरतात. वायरी आणि बाभळीच्या फांद्या तेवढ्या तुम्ही बघा.

घाट: इथे डिव्हाइसला कायदा माहीत नसतो

चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालात की डिव्हाइस हमखास कन्नड घाट, म्हणजे औट्रम घाट दाखवणार. राष्ट्रीय महामार्ग ५२ तिथूनच जातो, त्यामुळे त्याचं काही चुकलं नाही. पण ऑगस्ट २०२१ च्या अतिवृष्टीत याच घाटात दरडी कोसळल्या होत्या, आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने इथे जड वाहनांना बंदी आली. न्यायालयाचे आदेश नकाशात आपोआप उतरत नाहीत. तुमच्या आरसीवर एकूण वजन किती आहे ते बघा. ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनात मोडते. बसच्या मोठ्या चासीवर बांधलेलं मोटरहोम असेल तर पायथ्याला अडवतील हे धरून चाला, आणि चाळीसगाव सोडण्याआधी पोलिसांना विचारून घ्या. अजिंठ्याकडे जायचं असेल तर हा प्रश्नच येत नाही, जळगावहून फर्दापूर साधारण साठ किलोमीटर.

याच भागात आणखी एक फसगत होते. 'जवळची ठिकाणं' बघितली की पाटणादेवी आणि पितळखोरे शेजारी-शेजारी दिसतात. यादीतलं अंतर हवाई असतं. पाटणादेवी डोंगराच्या पायथ्याशी, चाळीसगाव बाजूला. पितळखोऱ्याच्या लेण्यांना गाडी न्यायची ती कन्नडच्या बाजूने, वर पठारावर. पायी जाणाऱ्यांना दोन्ही एका दिवसात जमतात. गाडीला मधला सगळा घाट चढावा लागतो.

तोरणमाळच्या घाटात वळणं तीव्र आहेत. डिव्हाइसमध्ये लांबी भरलेली असली तरी वळण बसतं की नाही हे ते सांगत नाही. मोटरहोमचा मागचा भाग चाकांच्या बराच बाहेर असतो आणि वळणावर तो बाहेरच्या बाजूला झुलतो. सकाळी लवकर चढा, समोरून गाड्या कमी असतात. उजेड गेल्यावर चढू नका, डिव्हाइसने पोहोचण्याची वेळ कितीही मोहक दाखवली तरी.

ठिकाणच चुकतं तेव्हा

नावावरून शोधताना तालुका आणि जिल्हा बघितल्याशिवाय 'जा' दाबू नका. पिंपळनेर साक्री तालुक्यात आहे आणि पारनेर तालुक्यातही. शिरपूर धुळ्याचं आणि वाशिमचंही. शिंदखेडा टाकायला गेलात आणि इंग्रजी अक्षरांत थोडा फरक पडला की सिंदखेड राजा वर येतं, ते थेट बुलढाण्यात. जुन्या नकाशात छत्रपती संभाजीनगर सापडत नसेल तर औरंगाबाद टाका, अहिल्यानगरसाठी अहमदनगर. महामार्गांचे क्रमांकही २०१० मध्ये बदलले. डिव्हाइस सुरत-धुळे-जळगाव-नागपूर रस्त्याला अजून ६ म्हणत असेल तर नकाशा बराच जुना आहे. आज तो ५३ आहे. नवीन बाह्यवळणावर गाडी केळीच्या बागेतून चालताना दिसली तर त्यालाही हेच कारण. तिथे तुमचं स्थान बरोबर असतं, खालचा कागद जुना असतो.

अक्षांश-रेखांश टाकणं सर्वांत बरं, पण पद्धत जुळली पाहिजे. तोरणमाळ साधारण २१ अंश ५३ मिनिटं उत्तर, ७४ अंश २८ मिनिटं पूर्व. डिव्हाइस दशांश पद्धतीवर असताना हेच कुणी २१.५३ आणि ७४.२८ असं टाकलं तर बिंदू चाळीस किलोमीटरहून जास्त सरकतो आणि सातपुड्यातून उतरून तापीच्या खोऱ्यात पडतो. डिव्हाइस कुरकुर करत नाही, कारण तिथेही जमीन आहेच. मिनिटांना ६० ने भागा: ५३ मिनिटं म्हणजे ०.८८३, म्हणून २१.८८३.

नदीकाठच्या मुक्कामात वेगळीच गंमत. बिंदू रस्त्यावर नसला की डिव्हाइस सर्वांत जवळच्या रस्त्याला तो जोडतं, मधे नदी आहे की नाही याचा विचार करत नाही. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम, त्यात हतनूर धरणाचा फुगवटा. तिथे बिंदू थोडा पाण्याकडे सरकला तर गाडी भलत्याच काठावर पोहोचते आणि देऊळ समोर दिसत राहतं. मुक्कामाचा बिंदू नेहमी आत वळायच्या फाट्यावर टाका. आतलं शेवटचं अंतर डोळ्यांनी.

सिग्नल आणि ऊन

हिवाळाभर बंद ठेवलेलं डिव्हाइस पहिल्याच दिवशी 'उपग्रह शोधतोय' म्हणत बसलं तर घाबरू नका. सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक आकाशातून उतरवून घ्यायला साडेबारा मिनिटं लागतात. मोकळ्यावर गाडी उभी ठेवून वाट बघा, चालू गाडीत वेळ वाढतो. काचेवरची चंदेरी उष्णतारोधक चादर काढलीत का तेही बघा, धातूचा थर सिग्नल अडवतो. जुन्या डिव्हाइसमध्ये तारीख जवळपास वीस वर्षं मागची दिसत असेल तर ६ एप्रिल २०१९ ला जीपीएसचा आठवड्यांचा आकडा शून्यावर आला, त्याचा तो परिणाम. सॉफ्टवेअर अपडेट मिळालं तरच सुधारतं.

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्यांची चार्जिंगची मर्यादाही ४५ अंशच. काचेला चिकटलेलं डिव्हाइस त्याहून कितीतरी तापतं. वायर लावलेली असूनही बॅटरी उतरत असेल तर वायर बदलण्याआधी डिव्हाइस एसीच्या झडपेजवळ बसवून बघा. दुपारी गाडी उभी करताना ते काढून कपाटात ठेवा. पाठ फुगलेली दिसली तर चार्ज करू नका.

अडकलातच तर

कमानीसमोर आल्यावर पहिलं काम म्हणजे डिव्हाइसचा आवाज बंद करणं. दुसरं, मागे एक माणूस उतरवणं. ट्रॅक्टरवाल्याला आधी मागे घ्यायला सांगा, मग तुम्ही. गावकरी मदत करतात, फक्त एकाच वेळी पाच जणांच्या सूचना ऐकू नका. 'थोडं छत खरवडेल पण निघेल' म्हणणारा एक जण असतोच. पावसाळ्यात बोगद्यात पाणी साचलेलं असेल तर खोली बघायला कुणालाही आत पाठवू नका, फिरून जा.

बाहेर पडल्यावर तिथेच थांबून तो रस्ता डिव्हाइसच्या 'टाळा' यादीत घाला. बऱ्याच मॉडेलांत एखादा रस्ता किंवा चौकोनी भाग कायमचा वर्ज्य करता येतो. त्याहून चांगलं म्हणजे अशा जागांची स्वतःची फाइल करणं. साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल, एका ओळीत एक जागा आणि नावात उंची लिहिलेली, उदाहरणार्थ 'बोगदा २.९ मी'. गार्मिनच्या पीओआय लोडरला (अशा जागा डिव्हाइसमध्ये चढवणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्रामला) यात रेखांश आधी लागतो, अक्षांश नंतर. उलट टाकलंत तर सगळे बोगदे आर्क्टिककडे जातात. फाइल चढवताना किती अंतरावरून घंटी वाजावी ते विचारलं जातं. तिथे निदान दीड-दोन किलोमीटर भरा, कारण पाचशे मीटरवर कळेपर्यंत गाडी वळवता येईल असा शेवटचा चौक मागे पडलेला असतो.